फ्रिजमधलं माहेरपण

सालेहाभाभीबद्दल लिहायचं तर आधी आमच्या फ्रिजबद्दल लिहावं लागतं, आणि फ्रिजबद्दल लिहायचं तर माझ्या सासूबाईंबद्दल. त्यांना सगळी आळी आक्का म्हणायची. त्यांना वगळून या घरातलं काहीच सांगता येत नाही, आणि वगळलेलं त्यांना चाललंही नसतं.

भिवंडीत आमची आळी संपते तिथं मागच्या अंगाला एक बोळ आहे. समोरासमोर दोन माणसं आली तर एकानं अंग चोरायचं, एवढाच रुंद. अलीकडं आमच्या स्वयंपाकघराचं दार, पलीकडं सालेहाभाभीच्या. मी त्र्याऐंशी साली लग्न होऊन पेणहून इथं आले तेव्हा ही दोन्ही दारं दिवसभर उघडी असायची. आमच्याकडून विरजण जायचं, त्यांच्याकडून ईदला कोरडी शेवई आणि साखर यायची. शिजवलेलं काही यायचं नाही, तो आक्कांचा नियम होता आणि भाभीला तो ठाऊक होता. मग चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात गावात दंगल पेटली, आणि जे झालं ते झालं. आक्कांनी मागच्या दाराला अडसर घातला. पलीकडचं दारही बंद झालं. दोन्ही घरांत कुणी कुणाला वाईट शब्द बोललं नव्हतं, पण भीती बसली होती. ती वर्षभर हलली नाही.

पंच्याऐंशीच्या एप्रिलात आमच्याकडं फ्रिज आला. माझे यजमान श्रीनाथ शाळेत गणित शिकवायचे आणि त्यांनी फ्रिज घेतला म्हणून आळीतले चार लोक उगाच चौकशीला येऊन गेले. आक्कांनी पहिल्याच दिवशी कायदे सांगितले. कांदा कापलेला ठेवायचा नाही, खरकटं ठेवायचं नाही, दार दोनदा उघडायचं नाही. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, फ्रिज घेतलाय की देव्हारा?

पाचव्या दिवशी दुपारी मागचं दार वाजलं. आक्का आणि मी एकमेकींकडं बघत राहिलो. शेवटी मीच अडसर काढला. दारात सालेहाभाभी. उभट चेहरा, डोक्यावरून घट्ट ओढणी, दोन्ही हातांत स्टीलचा डबा. वर्षभरानं समोर आलेली ही बाई कशी आहात, काय आहात, काही न विचारता म्हणाली, "आक्का, याला थोडे दिवस ठेवून घ्याल? गरमीनं जीव जाईल याचा."

आक्का डब्यात डोकावल्या. पाण्यात एक हिरवागार गोळा बसला होता. मोठ्या लिंबापेक्षा जरा थोराड, वरून मखमलीसारखा.

"हे काय गं? कोबी?"

"शेवाळ आहे, आक्का. जिवंत आहे."

"शाकाहारी आहे ना?"

"ते काहीच खात नाही."

"म्हणजे आमच्यापेक्षा सोवळं," आक्का म्हणाल्या, आणि भाज्यांच्या ट्रेमधली दोन वांगी काढून त्यांनी डब्याला जागा केली. मागच्या दाराचा अडसर त्या दिवसापासून कोपऱ्यात उभा राहिला.

गोळा आणला होता भाभीच्या नवऱ्यानं. अब्दुर्रहमान जहाजावर इंजिनखात्यात होता. ब्याऐंशी साली जपानच्या कुठल्याशा बंदरातल्या दुकानातून त्यानं हा गोळा बरणीत घालून आणला. तिकडं थंड तळ्यांच्या तळाशी असे गोळे असतात, लाटांनी लोळत लोळत गोल होतात, असं दुकानदारानं त्याला सांगितलं होतं. त्या खेपेला तो चार महिने घरी राहिला. तसबिरी करणाऱ्याकडून काचा कापून आणल्या, स्वतः बसून पेटी जोडली, नगरपालिकेच्या मलेरियावाल्यांकडून चार गप्पी मासे आणून सोडले आणि बायकोला गोळा कसा सांभाळायचा ते शिकवलं. ऊन लागू द्यायचं नाही. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच घालायचं. आठवड्यानं गोळा बाहेर काढून तळहातावर घ्यायचा, स्पंजासारखा हलकेच दाबायचा, मळ निघून गेला की परत सोडायचा, आणि दर वेळी कूस बदलायची, नाहीतर खालची बाजू तपकिरी पडते. हे सगळं त्यानं तिचे हात आपल्या हातात धरून शिकवलं होतं. हे मला भाभीनंच सांगितलं, आणि सांगताना तिनं दोन्ही तळवे असे काही पुढं धरले की मला दुसरीकडं बघावंसं वाटलं. पुढच्या वर्षी तो परत जहाजावर गेला. मूलबाळ नव्हतं. घरात ती, सासू, आणि काचेच्या पेटीत तो गोळा.

पेटीचं टेबल ज्या भिंतीला लावलं होतं तिच्या पलीकडं तिच्या दिराचा, इक्बालचा, लूमचा कारखाना. दिवसभर खटखट. भिंत थरथरायची, टेबल थरथरायचं आणि पेटीतला गोळा आपोआप तसूतसूनं फिरायचा. जपानच्या लाटांचं काम आमच्या भिवंडीत लूम करायचे. फक्त शुक्रवारी लूम बंद. म्हणून भाभीचा गोळ्याची कूस बदलायचा दिवस शुक्रवार.

आमच्याकडं आल्यावर ही पंचाईत झाली. आमचा फ्रिज सुरू होताना एकदा अंग झाडल्यासारखा हलायचा तेवढाच. म्हणून भाभी रोज यायला लागली. दुपारचं आवरून यायची, डबा काढायची, गोळा फिरवायची, शुक्रवारी पाणी बदलायची, आणि मग पाटावर बसून राहायची. जाते म्हणायची आणि बसायची. आक्का वाल सोलत असायच्या, मी श्रीनाथच्या शाळेतल्या वह्या तपासत असायचे. तिच्या आई-वडिलांच्या पश्चात तिला जायला घर उरलं नव्हतं. एकदा तिला उठायला फार वेळ झाला तेव्हा आक्का म्हणाल्या, "बस गं. लेक माहेरी आली की आई बसणारच ना तिच्यापाशी." मग स्वतःच हसून म्हणाल्या, "की तूच आलीयस माहेरी, आणि गोळा निमित्ताला?"

तेव्हापासून आमच्या घरात तोच शब्द रूढ झाला. हनुमान जयंती झाली की गोळा माहेरपणाला यायचा आणि जूनच्या मध्यावर सासरी जायचा. जाताना आक्का डब्यावर झाकण लावायच्या आणि झाकणाला हळदीकुंकवाचं बोट लावायच्या. भाभी ते पुसायची नाही. पहिल्या वर्षी तिला चहा वेगळ्या कपातून मिळायचा. तिसऱ्या वर्षी तो कप फुटला आणि आक्कांनी त्याच्या जागी दुसरा आणला नाही.

गोळा वाढायचा, पण कसा? वर्षाला तांदळाच्या दाण्याएवढा. ते डोळ्याला काय दिसणार? भाभीनं त्यावर तोडगा काढला होता. बांगडीवाल्याकडून तिनं तान्ह्या मुलीच्या मापापासून चढत्या मापाच्या बांगड्या घेऊन ठेवल्या होत्या. दर बकरी ईदला गोळा बांगडीतून घालून बघायची. एका बांगडीतून जाईनासा झाला की पुढची. सत्त्याऐंशीच्या बकरी ईदला तो तिच्या स्वतःच्या बांगडीत अडकला तेव्हा ती बोळ ओलांडून धावत सांगायला आली होती. मी तिला इतकी हसताना कधी बघितली नव्हती, आणि त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला तेव्हा कळलं नव्हतं. मी म्हटलं, "भाभी, शेवाळ आहे, वाढणारच." ती म्हणाली, "ते गेल्यापासून घरात दुसरं काय वाढलंय, माधवी?"

कारण त्याच्या आदल्या वर्षापासून अब्दुर्रहमानची पत्रं बंद झाली होती. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात इक्बाल चारदा जाऊन आला. एवढंच समजलं की एका बंदरात तो उतरला आणि परत चढला नाही. मेला असता तर कागद आला असता. कागद आला नव्हता. मोहल्ल्यातल्या बायका तिला दुसऱ्या लग्नाचं सुचवायच्या, सासू वारल्यावर तर उघडच. ती ऐकून घ्यायची. आमच्याकडं येऊन म्हणायची, "ते आले की गोळाच दाखवणार. मी काही बोलणार नाही. त्यांना दिसेल." तिला किती वर्षं गेली ते सांगायचं नव्हतं, रडायचं नव्हतं, भांडायचं नव्हतं. हाताच्या मुठीत मावणारी वस्तू आता दोन हातांनी उचलावी लागते, एवढं त्यानं आपल्या डोळ्यांनी बघावं, म्हणजे त्याला सगळं समजेल. मला हा भोळेपणा वाटायचा. पण मला तिचा हेवाही वाटायचा, कारण श्रीनाथ रोज साडेपाचला घरी यायचे आणि मी कधी वर मान करूनही बघितलं नव्हतं.

नव्वद सालच्या मे महिन्यात निरोप आला. बाणकोटचा एक खलाशी घरी परतला होता आणि त्यानं अब्दुर्रहमानला बघितलं होतं. भाभी इक्बालला घेऊन बाणकोटला निघाली. गोळा आमच्याकडं माहेरी होताच. आता तो मोसंबीएवढा झाला होता. जाताना तिनं मला बजावलं, "शुक्रवारचं पाणी तेवढं तू बदल. एक दिवस उघडं ठेवलेलं." मी हो म्हटलं, आणि दोन दिवसांनी मुलांना घेऊन स्वतः पेणला माहेरी गेले. आक्कांना सांगून गेले, एवढंच. आता कितीही सांगितलं तरी ती माझी चूक होती.

मे अखेरीला आमच्या नळाला टाकीच्या तळाचं पाणी यायचं. चहासारखं. घराघरांतून हंड्यात तुरटी फिरवायची, गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी प्यायचं. आक्कांनी भाभीचं उघडं ठेवलेलं पाणी बघितलं. गढूळ. त्यांना ते बघवेना. आपल्या घरी राहायला आलेल्याला असं पाणी द्यायचं? त्यांनी ते ओतून दिलं, दुसरं भरलं आणि त्यात तुरटी फिरवली. एकदा नाही, दोनदा, चांगली खळखळून, खास पाहुण्यासाठी करतात तशी. शुक्रवारची वाटही बघितली नाही. रोज बदललं. आठव्या दिवशी मी आले आणि डबा उघडला, तर गोळा पांढरा. पिंजलेल्या कापसासारखा पांढरा.

त्याच संध्याकाळी भाभी आली. दारातूनच बोलत आली. तो जिवंत होता. जपानमध्येच एका कारखान्यात लपूनछपून काम करत होता, कागदपत्रं नव्हती म्हणून गप्प होता, येणार होता, पुढच्या वर्षी नक्की येणार होता. "आक्का, ते येतायत!" ती म्हणाली. तिच्या पायांत चप्पल तशीच होती. आक्का उठल्या, फ्रिजपाशी गेल्या, डबा काढून तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मी तुरटी फिरवली गं."

लोक म्हणतात अशा वेळी माणसं मोठ्या मनाची होतात. भाभी झाली नाही. ती ओरडली. "माझी आठ वर्षं गेली, आक्का! आता त्यांना काय दाखवू? सांगा ना, काय दाखवू?" डबा घेऊन ती गेली आणि पलीकडचं दार तिनं इतक्या जोरात लावलं की आमच्या फळीवरचं भांडं पडलं.

तीन दिवस दार उघडलं नाही. आक्का जेवायला बसायच्या आणि ताटावरून उठायच्या. त्र्याहत्तर वर्षांची बाई, उभ्या जन्मात कुणापुढं वाकली नाही, ती मला विचारायची, "माधवी, मी जाऊ का गं तिकडं?" आणि मी चिडून म्हणायचे, "आता जाऊन काय करणार?" चिडले होते मी स्वतःवर, बोलणी खायच्या त्या.

चौथा दिवस शुक्रवार होता. लूम बंद होते, म्हणून दार हळूच वाजलं तरी ऐकू आलं. भाभी डबा घेऊन उभी. डोळे सुजलेले. "आक्का, आत थोडं हिरवं दिसतंय. वरचं सोलायला पाहिजे. माझा हात थरथरतोय."

आक्का हात धुऊन बसल्या. मोड आलेले वाल सोलण्यात त्यांचा हात धरणारं आळीत कुणी नव्हतं, दाणा न मोडता साल उतरवायच्या. तशाच त्या बसल्या. परातीत पाणी, त्यात गोळा, आणि नखाच्या टोकानं एक एक पांढरा तंतू सुटा करत राहिल्या. दुपारभर. भाभी शेजारी बसून परातीतला कचरा वेचत होती. शेवटी आत जे उरलं ते भाजक्या सुपारीएवढं होतं. पण हिरवं होतं. भाभीनं ते तळहातावर घेऊन हलकेच वळलं, आणि मग तिची ओंजळ आक्कांच्या मांडीवर टेकली. आक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

त्या दिवसापासून सगळं पहिल्यापासून सुरू झालं. बांगडीत अडकण्याइतकं ते उरलंच नव्हतं, म्हणून आता अंगठीच्या मापानं मोजायचं. पुढचं वर्ष आलं, अब्दुर्रहमान आला नाही. त्याच्या पुढचंही गेलं. मधून कधी कुणाच्या हाती चिठ्ठी यायची, येतो म्हणून. भाभीच्या केसांत पांढरं दिसायला लागलं. उन्हाळ्यात माहेरपण चालूच होतं. पाणी बदलायची वेळ आली की आक्का मुद्दाम उठून बाहेरच्या ओटीवर जाऊन बसायच्या.

चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात तो आला.

बातमी बोळ ओलांडून आमच्याकडं यायला वेळ लागला नाही, पण आम्ही दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी भाभीच बोलवायला आली. आक्कांनी इस्त्रीचं लुगडं नेसलं. इतक्या वर्षांत त्या बोळ ओलांडून तिच्या घरात कधी गेल्या नव्हत्या. त्या दिवशी माझा हात धरून गेल्या आणि आत खुर्चीवर जाऊन बसल्या.

अब्दुर्रहमान वाईट माणूस नव्हता, हे मला लिहिलं पाहिजे. अंगानं सुटला होता, केस काळे केले होते, आवाज मऊ होता. आक्कांच्या पाया पडला. त्यांच्यासाठी मिटणारी छत्री आणली होती. तिकडच्या थंडीबद्दल, भातशेतीबद्दल, दहा माणसांच्या खोलीबद्दल बोलला. सगळं बोलून झालं की थांबायचा आणि घराकडं असं बघायचा जणू आपण कुणाकडं बसायला आलोय.

भाभी चहा देत होती. पेटीच्या काचा लखलखत होत्या. नुकत्याच घासल्या होत्या, आणि टेबल भिंतीपासून थोडं पुढं ओढलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या समोर येईल असं. तीन दिवस ते तिथं होतं. माझ्या लक्षात आलं की तीन दिवसांत त्यानं तिकडं बघितलेलं नाही, आणि ती सांगणारही नाही.

आक्कांना राहवलं नाही. "रहमान," त्या म्हणाल्या, "गोळा बघितलास का तुझा?"

तो उठला. पेटीपाशी वाकला. हसला. खरंच आनंदानं हसला. "अरे! हा अजून आहे?" मग त्यानं तर्जनी आणि अंगठा काचेला लावून माप घेतल्यासारखं केलं. "आणि तेवढाच! मी आणला तेव्हा होता तेवढाच आहे की. वाढलाच नाही." तो भाभीकडं वळला. "बघ, घरात काही म्हणजे काही बदललं नाही."

आक्कांनी तोंड उघडलं. त्या सगळं सांगणार होत्या. तुरटी, परात, सोललेली आठ वर्षं, आणि त्यानंतरची चार. भाभीनं चहाची बशी खाली ठेवली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात दाबला.

"हो," ती नवऱ्याला म्हणाली. "तेवढाच आहे."

मी घरी आल्यावर दोन दिवस धुसफुसत होते. शुक्रवारी ती आमच्या दारात आली तेव्हा मी तिला चांगलीच झापली. "सांगायचं नाही का? बारा वर्षं सांभाळलंस, आणि तो म्हणतो वाढलाच नाही, आणि तू हो म्हणतेस? आक्कांना काय फाशी देणार होता तो?"

ती उंबऱ्यावर बसली. "आक्कांसाठी नाही गं," ती म्हणाली. "मोसंबीएवढा असता तर काय म्हणाले असते? केवढा मोठा झाला. एवढंच ना? मला वाटायचं, बघतील आणि समजेल. बघून समजत नाही, माधवी. जो इथं नव्हता त्याला नाही समजत."

"मग आता?"

"आता काय. आले ना ते." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "ते घरातच असतात. मी वाढते, ते जेवत असतात समोर. आणि बाहेर दाराची कडी वाजली की अजून माझ्या काळजात लक्कन होतं. वाटतं, आले."